आधी बंदूक जमा करा

निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली की आमच्या रोहा तालुक्यात एक गोष्ट न चुकता घडते. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यातल्या काही जणांना पोलीस ठाण्यातून निरोप येतो: बंदूक आणून जमा करा. कुणाची बारा बोअरची, कुणाची आजोबांच्या वेळची ठासणीची. कापडात गुंडाळून बंदूक ठाण्यात जाते, पावती मिळते आणि निकालानंतर साधारण आठवड्याने ती परत घरी येते. यात कुणी आरोपी नसतो, कुणाला शिक्षा झालेली नसते. या काळात या माणसाच्या हातात बंदूक नको, एवढीच सरकारची शंका असते, आणि तेवढ्यावर काम होतं.

पूर्वी हे सरसकट व्हायचं. मग मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना एका दावणीला बांधू नका, प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र विचार करा. आता जिल्ह्यात छाननी समिती बसते. कुणाकडून बंदूक घ्यायची याबद्दल निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत: जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले. ही यादी उदाहरणादाखल आहे, त्यापलीकडे जायला समितीला मोकळीक आहे. तरी जी नावं आयोगाला पहिल्यांदा सुचली ती वाचून बघा. दारू चढली की खुंटीवरची बंदूक काढून बायकोपुढे नाचवणारा माणूस त्यात नाही. तो मतदान केंद्रावर शांतपणे रांगेत उभा राहतो. त्याचा धोका घरात आहे, आणि निवडणूक घरात होत नाही.

मग त्या घरातली बंदूक जमा करा असं कोण कुणाला सांगणार? आपल्याकडे तसा कायदा आहे का? अमेरिकेत आहे, आणि २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात त्यावर मोठा निकाल लागला. तो निकाल वाचताना मला भलताच धागा सापडला. तो धागा इंग्लंडच्या चौदाव्या शतकात जातो, आणि तिथून फिरून थेट आपल्या तहसील कचेरीतल्या एका शब्दापर्यंत येतो. शब्द तुम्ही ऐकलेला आहे: ‘चॅप्टर’. ‘त्याच्यावर चॅप्टर केस टाकली’ यातला चॅप्टर.

मी वकील नाही, कोड लिहून पोट भरतो. पण कायद्याची कलमं वाचणं हे दुसऱ्याने लिहून ठेवलेला जुना कोड वाचण्यासारखंच असतं. एक कलम दुसऱ्याला हाक मारतं, दुसरं तिसऱ्याला, आणि लिहिणारा तर केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो.

आधी बंदुकीचं बघू. शहरातल्या वाचकाला वाटेल की महाराष्ट्रात बंदूक असते कुणाकडे? पोलिसांकडे आणि वेब सिरीजमध्ये. रोह्यातसुद्धा बहुतेकांना बंदुका जवळून दिसतात त्या ग्रामदैवत धावीर महाराजांना पोलीस सशस्त्र मानवंदना देतात तेव्हाच. पण कोकणातल्या डोंगराकडच्या गावांत परवान्याची बंदूक ही फार दुर्मीळ वस्तू नाही. रानडुक्कर एका रात्रीत भात लोळवून जातं, माकडं परसातलं काही ठेवत नाहीत. म्हणून शेती संरक्षणासाठी बंदूक. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात, कलम १३ मध्ये, पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा, म्हणजे आपल्या ठासणीच्या बंदुकीचा, वेगळा उल्लेख आहे. दिल्लीत बसून कायदा करणाऱ्यांना शेतातलं डुक्कर दिसलं होतं, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं.

ठासणीची बंदूक भरायला वेळ लागतो. दारू घाला, चिंधी घाला, छर्रे घाला, गजाने ठासा. रागाच्या भरात हे सगळं करणं अवघड. पण घरातल्या बंदुकीचं मुख्य काम बार काढणं नसतंच. ती भिंतीवर आहे हे सगळ्यांना माहीत असणं, हेच तिचं काम. नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं की बोलता बोलता त्याची नजर एकदा तिकडे गेली तरी पुरतं. त्यानंतर बायको गप्प बसते. शेजाऱ्यांना काही ऐकू जात नाही, अंगावर वळ उठत नाही, डॉक्टरच्या कागदावर काही येत नाही. अशा संध्याकाळी गावोगाव किती झाल्या असतील, याची गणती कुणाकडे असणार?

एक गणती मात्र आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना नवऱ्याच्या हिंसेबद्दल प्रश्न विचारतात. कानफटात मारणं, ढकलणं, लाथ घालणं, गळा दाबणं असं एकेक करत यादी पुढे जाते आणि त्यातच एक प्रश्न असतो: सुरी, बंदूक किंवा दुसऱ्या कुठल्या शस्त्राने धमकावलं किंवा हल्ला केला का? २०१९-२१ च्या पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी लग्न झालेल्या देशातल्या २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्यात बंदुकीचा वाटा थोडा असणार हे उघड आहे. आपल्याकडे कोयता, विळा आणि रॉकेलचा कॅन हाताशी असतो. पण बंदुकीचं एक वेगळेपण आहे. कोयता कुणाच्या घरी आहे हे सरकारला माहीत नसतं. परवान्याची बंदूक कुणाकडे आहे, तिचा नंबर काय, परवाना कधी संपतो, हे सगळं सरकारच्या वहीत आणि आता राष्ट्रीय डेटाबेसमध्ये आहे. ज्या हत्याराचा पत्ता सरकारकडे आधीपासून आहे, ते तरी वेळेवर उचलता यायला हवं.

ही वही सुरू कशी झाली, तेही बघण्यासारखं आहे. १८५७ ने हादरलेल्या इंग्रजांनी लोकांच्या हातातली शस्त्रं काढायला सुरुवात केली आणि व्हाइसरॉय लिटनच्या काळात, १८७८ मध्ये, शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हिंदी माणसाने बंदूक बाळगायची नाही, युरोपियनांना सूट. त्याच वर्षी लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचंही तोंड बांधलं. म्हणजे सरकार बंदुका मोजत थेट घराघरात शिरलं, कारण त्याला स्वतःच्या जिवाची भीती होती.

घरातल्या बाईच्या भीतीचं काय? तिच्याबाबत त्याच सरकारचं न्यायालय काय करत होतं ते मुंबईत लवकरच दिसलं. रखमाबाईने नवऱ्याच्या घरी नांदायला नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी १८८४ मध्ये न्यायालयात गेला. पहिल्या न्यायमूर्तींनी, पिन्हे यांनी, तिच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात उलटला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. पुढे १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली, ती गोष्ट आपल्याला माहीत असते. मला त्यातली वेगळी बाब खुपते. बंदुकीसाठी उंबरठा ओलांडणारं सरकार बाईसाठी उंबरठ्यापर्यंत येत होतं, ते तिला आत ढकलायला.

नि:शस्त्र केल्याचा अपमान मात्र राष्ट्रीय चळवळीने विसरू दिला नाही. मार्च १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडातून आलेले हरि विष्णू कामत यांनी त्याची आठवण करून दिली आणि हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. उत्तर द्यायला बाबासाहेब उभे राहिले. इंग्रजांच्या राज्यात ही मागणी का झाली ते त्यांनी मान्य केलं, पण राज्याच्या कसल्याही आडकाठीशिवाय जो तो बाजारात जाऊन हल्ल्याची साधनं विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालायचा कसा, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणून आज भारतात बंदूक हा हक्क नाही, सरकारने दिलेली परवानगी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या एका प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेशी तुलना करत हेच पुन्हा सांगितलं. पुढच्या भागासाठी हे डोक्यात ठेवा. हक्क काढून घेणं अवघड असतं, परवानगी थांबवणं त्या मानाने सोपं.

आता चॅप्टर.

इंग्लंडमध्ये १३६१ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या राज्यात एक कायदा झाला. गावोगावच्या दंडाधिकाऱ्यांना अधिकार मिळाला की एखाद्याकडून शांततेला धोका दिसत असेल तर त्याच्याकडून आधीच हमी घ्यायची. गुन्हा घडलेला नसला तरी चालेल. ‘मी शांतता राखेन, मोडली तर इतके पैसे जप्त’ असं लिहून दे, जामीनदार दे आणि घरी जा. लिहून दिलं नाहीस तर तुरुंग. या युक्तीत शिक्षेचा भाग नाही, फक्त खबरदारी आहे. इंग्रजी कायद्याचा मोठा भाष्यकार ब्लॅकस्टोन याने अठराव्या शतकात लिहिलं की अशी हमी बायको नवऱ्याविरुद्ध मागू शकते, आणि वेळ पडली तर नवराही बायकोविरुद्ध. नवऱ्याने बायकोला ‘बेताची’ शिक्षा करणं जुन्या कायद्याला चालत होतं हेही त्याच ब्लॅकस्टोनने लिहून ठेवलंय. मारायला परवानगी आणि मार खाणारीला हमी मागायची सोय, दोन्ही एकाच ग्रंथात. कायद्याची पुस्तकं अशीच असतात, नवं लिहिताना जुनं खोडत नाहीत.

ही हमीची युक्ती इंग्रजांबरोबर जहाजातून दोन दिशांना गेली. एक अमेरिकेत, एक आपल्याकडे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला आठवं प्रकरण मिळालं: शांतता राखण्यासाठी आणि चांगल्या वर्तणुकीसाठी प्रतिभूती. १९७३ ची नवी संहिता आली तरी प्रकरणाचा क्रमांक आठच राहिला. पोलीस आणि कारकून त्याला ‘चॅप्टर’ म्हणू लागले आणि लोकांनी तो शब्द उचलला. कलम १०७ म्हटलं की कोकणातल्या कुठल्याही वाडीत अर्थ सांगावा लागत नाही. पालखीच्या मानावरून दोन भावक्यांत वाद झाला, बांधावरून हातघाई झाली, निवडणूक तोंडावर आली की दोन्हीकडच्यांवर चॅप्टर. तहसीलदारापुढे उभं राहायचं, बाँड लिहून द्यायचा, वर्षभर गप्प बसायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि आठव्या प्रकरणाचा मजकूर नवव्या प्रकरणात गेला, पण लोक अजून चॅप्टरच म्हणतात.

पुरुषांच्या आपसातल्या भांडणांसाठी हे हत्यार आपण इतकं वापरलं की ते मूळचं बायकोच्याही हातात देता येत होतं, याचा आपल्याला विसरच पडला. अमेरिकेला त्याची आठवण करावी लागली, आणि तीही बंदुकीमुळे.

तिथे शस्त्र बाळगणं हा घटनेतला हक्क आहे. तरीही १९९४ मध्ये संसदेने कायदा केला की जोडीदाराला त्रास देऊ नये असा संरक्षण आदेश ज्याच्यावर आहे, त्याने आदेशाच्या काळात बंदूक बाळगायची नाही. अट अशी की आदेशाआधी त्याला नोटीस आणि सुनावणीची संधी मिळालेली हवी, आणि एक तर तो जोडीदाराच्या जिवाला खरा धोका आहे असा निष्कर्ष आदेशात हवा, नाहीतर तिच्यावर बळ वापरायला त्यात स्पष्ट मनाई हवी. बंदूक प्रत्यक्षात कुठे, कशी जमा करायची, हे राज्यांनी ठरवलं. कॅलिफोर्नियात आदेश हातात पडल्यापासून २४ तासांत बंदूक पोलिसांकडे द्यायची किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायची आणि ४८ तासांत पावती न्यायालयात दाखवायची. सगळी मजा त्या पावतीत आहे. आदेश दिला म्हणजे बंदूक गेली असं न्यायालय धरून चालत नाही, पुरावा मागतं.

टेक्ससमधल्या झॅकी रहीमीची गोष्ट या कायद्याची परीक्षा ठरली. डिसेंबर २०१९ मध्ये त्याने एका पार्किंगमध्ये मैत्रिणीला ओढत नेऊन गाडीत कोंबलं, बघणाऱ्याला पाहून बंदूक काढली आणि गोळी झाडली. कुणाला सांगितलंस तर तुलाही घालीन, असं नंतर तिला धमकावलं. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने संरक्षण आदेश दिला. तो त्याने पाळला नाही. पुढे गोळीबाराच्या एकामागून एक घटनांत त्याचं नाव आलं. त्यातली एक तर बर्गरच्या दुकानात मित्राचं कार्ड चाललं नाही म्हणून हवेत झाडलेल्या गोळ्यांची. पोलिसांनी घराची झडती घेतली तेव्हा पिस्तूल सापडलं, रायफल सापडली आणि बंदूक बाळगू नकोस असं सांगणाऱ्या त्या आदेशाची प्रतही सापडली. कागद आणि बंदूक, दोन्ही एकाच घरात सुखाने नांदत होते.

रहीमीच्या वकिलांचा मुद्दा इतिहासाचा होता. २०२२ च्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की शस्त्रांवरचं बंधन टिकायला त्याला देशाच्या इतिहासात आधार हवा. खालच्या न्यायालयाने विचारलं, अठराव्या शतकात बायकोला मारणाऱ्याची बंदूक काढून घ्यायचा कायदा कुठे होता? नव्हता. म्हणून त्याने हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. बायकोला मारणं ज्या काळात गुन्हा धरत नव्हते, त्या काळातला पुरावा आणा म्हणणं म्हणजे विहीर खणली नाही म्हणून पाण्याला दोष देण्यासारखं आहे. पण २१ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कायदा वाचवला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी इतिहासातून काय काढलं? तीच जुनी हमी. धमकावणाऱ्याकडून आधीच जामीन घेणारे कायदे, मॅसॅच्युसेट्सचा १८३६ चा कायदा, आणि ब्लॅकस्टोनचं ते वाक्य की बायको नवऱ्याविरुद्ध हमी मागू शकते. आपल्या भाषेत सांगायचं तर अमेरिकेचा हा कायदा चॅप्टरने वाचवला.

हे वाचल्यावर मी आपल्या कायद्याकडे परत आलो.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा, लागू २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याआधी नवऱ्याच्या छळासाठी १९८३ चं ४९८-अ होतं, पण ते गुन्ह्याचं कलम. तक्रार करायची म्हणजे नवऱ्याला आत टाकायची तयारी हवी. २००५ च्या कायद्याने मधला रस्ता काढला. संरक्षण आदेश, घरात राहण्याचा हक्क, पोटगी, मुलांचा ताबा. आणि गरज असेल तर दुसऱ्या बाजूचं ऐकण्याआधीच तात्पुरता आदेश. कायद्यात बंदूक हा शब्द शोधलात तर निराश व्हाल. पण नियमांत जा. २००६ च्या नियम १० मध्ये संरक्षण अधिकाऱ्याची कामं दिली आहेत, आणि त्यातलं शेवटचं असं की दंडाधिकाऱ्याने लेखी सांगितलं तर हिंसेत वापरलेलं कुठलंही शस्त्र पोलिसांच्या मदतीने जप्त करायचं. एका ओळीत, यादीच्या शेपटाला, पण आहे. अडचण ‘वापरलेलं’ या अटीत. भिंतीवर नुसती टांगलेली, जिच्याकडे फक्त नजर गेली ती बंदूक, ‘वापरली’ का?

आता कलम १९ बघा. त्याच्या तिसऱ्या पोटकलमात दंडाधिकारी नवऱ्याकडून बाँड घेऊ शकतो: पुन्हा हिंसा करणार नाही, जामीनदारासह किंवा त्याशिवाय. चौथ्या पोटकलमात छोटं वाक्य आहे: असा आदेश हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणाखालचा आदेश मानला जाईल. आठवं प्रकरण. चॅप्टर.

आणि शस्त्र अधिनियमाचं कलम ९ म्हणतं की आठव्या प्रकरणाखाली शांततेचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड देण्याचा आदेश ज्याला झाला आहे, त्याने बाँडच्या मुदतीत बंदूक किंवा दारूगोळा घ्यायचा नाही, बाळगायचा नाही, जवळ ठेवून फिरायचं नाही. कलमाची सुरुवात ‘या आधी काहीही म्हटलं असलं तरी’ अशी आहे, म्हणजे परवाना खिशात असला तरी. पुढे कलम २१: कुठल्याही कारणाने बंदूक बाळगणं बेकायदा झालं की विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात, नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची.

जोडून बघा. घरगुती हिंसेच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्याने बाँड लिहून घेतला, तो चॅप्टरचा बाँड झाला, चॅप्टरच्या बाँडमुळे बंदूक बेकायदा झाली, बेकायदा झालेली बंदूक ठाण्यात जमा. अमेरिकेला ज्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, तो आपल्याकडे तीन कलमांत तुकड्यातुकड्यांनी आधीच लिहिलेला आहे. जाणूनबुजून कुणी असा रचला असेल असं मला वाटत नाही. दोन वेगवेगळ्या काळांत, दोन वेगवेगळ्या टेबलांवर कुणीतरी जुन्याच फंक्शनला हाक मारली, आणि ती दोघं तिथे भेटली.

वकील मित्र यावर भांडतील, आणि भांडावंच. कलम ९ मध्ये ‘शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा’ बाँड म्हटलंय, कलम १९ मध्ये ‘हिंसा रोखण्याचा’. दोन्ही एकच का? माझं वाचन असं की ‘मानला जाईल’ हे शब्द कायद्यात यासाठीच वापरतात, आणि बायकोला न मारणं ही शांतता नसेल तर शांतता दुसरी कोणती? पण हे माझं वाचन आहे.

खरी फट वेगळीकडे आहे. २००५ च्या कायद्याचं कलम २४ सांगतं की आदेशाची प्रत कुणाकुणाला फुकट द्यायची: दोन्ही पक्षांना, त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला, आणि जवळपासच्या सेवा पुरवणाऱ्या संस्थेला. बंदुकीचा परवाना देतो जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आमचे कलेक्टर, अलिबागला. त्यांचं नाव या यादीत नाही. परवान्याच्या अर्जात मात्र प्रश्न छापलेला आहे: तुम्हाला आठव्या प्रकरणाखाली कधी बाँड द्यावा लागला का? म्हणजे परवाना मागताना सरकार चॅप्टरबद्दल विचारतं, आणि परवाना दिल्यावर चॅप्टर लागला तर ते कलेक्टरला कळवा असं २००५ चा कायदा कुणालाच सांगत नाही. एका टेबलात माहिती, दुसऱ्या टेबलात माहिती, जॉइन करायला सांगणारी ओळच नाही.

पोलीस ठाणं ही एकच जागा अशी आहे जिथे दोन्ही कागद पोचतात. आचारसंहितेत बंदुका जमा करून घेणारं ठाणं तेच, आणि संरक्षण आदेशाची प्रत येते तेही तेच. तिथल्या माणसाने दोन वह्या शेजारी ठेवल्या तर काम होतं. पण तो ठेवेल का, हे ठरवायला त्याची मर्जी आणि त्या दिवशीचा बंदोबस्त. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली कलेक्टर सार्वजनिक सुरक्षेसाठी परवाना स्थगित करू शकतात. पण नुसता खटला चालू आहे म्हणून परवाना रद्द करता येत नाही असं न्यायालयांनी अनेकदा म्हटल्यामुळे अधिकारी फुंकून पावलं टाकतात. म्हणूनच बाँडचा रस्ता मला जास्त भरवशाचा वाटतो. तिथे कलेक्टरची मर्जी लागत नाही, कलम ९ आपोआप लागू होतं.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. बंदूक काढून घेतली की नवऱ्याचा अपमान होतो आणि राग बायकोवरच निघतो, असं गावातल्या म्हाताऱ्या बायाही सांगतील. खरं आहे, आणि म्हणूनच ती ‘बायकोने काढून घेतली’ असं होता कामा नये. न्यायालयाने सांगितलं, ठाण्यात नेऊन दिली, पावती घेतली, असं झालं पाहिजे. दुसरा आक्षेप डुकरांचा. चार महिने बंदूक ठाण्यात राहिली तर भाताचं काय? निवडणुकीतही डुकरं येतातच, तेव्हा कुणी आयोगाला अडवत नाही. तिसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. बंदूक जमा होणं ही शिक्षा नव्हे, ती जशीच्या तशी परत मिळते.

धाटावला एमआयडीसी आहे, कुंडलिकेच्या काठाने केमिकलचे कारखाने. तिथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, लाइनवर दुरुस्तीला माणूस उतरवण्याआधी काय करतात. व्हॉल्व्ह बंद, त्याला कुलूप, वर टॅग, आणि मग परमिटवर सही. चूक ऑपरेटरची की फिटरची, याची चौकशी नंतर. आधी कुलूप. त्या कुलपाने कुणाचा अपमान झाला असं कुणी म्हणत नाही.

सगळ्यात अवघड घर पोलिसाचं किंवा जवानाचं. जुलै २०२३ मध्ये पुण्यात बाणेरला अमरावतीच्या एका सहायक पोलीस आयुक्ताने पहाटे पत्नीला आणि धावत आलेल्या पुतण्याला गोळ्या घालून स्वतःलाही संपवलं. त्या घरात आधी काय चाललं होतं हे बाहेरच्याने सांगू नये. पण ज्याने बंदूक जमा करून घ्यायची, त्याच्याच कमरेला बंदूक असली तर पावती कुणी द्यायची, या प्रश्नाला माझ्या तीन कलमांच्या साखळीत उत्तर नाही. सरकारी हत्यार परवान्यावर चालत नाही.

उरलेल्या घरांसाठी मात्र नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. तालुक्याच्या न्यायालयात कलम १२ चा अर्ज लिहिताना घरात बंदूक आहे हे सांगणारं एक वाक्य पुरतं, तिने ‘वापरली’ म्हटलं नाही तरी. मागण्यांमध्ये कलम १८ च्या संरक्षण आदेशाच्या शेजारी १९(३) चा बाँड मागायचा, बंदूक कलम २१ खाली जमा करून पावती न्यायालयात दाखल करावी असं लिहायचं, आणि आदेशाची एक प्रत अलिबागला कलेक्टर कचेरीतल्या शस्त्र परवान्याच्या टेबलावर पाठवावी असंही लिहायचं. शेवटची ही मागणी कायद्यात लिहिलेली नाही, पण ती मागायला कायद्याची मनाईही नाही. आणि सरकारकडे बंदुकीचा नंबर आधीपासून असला तरी तिला माहीत असेल तर तिने तो अर्जात घालावा. तो बंदुकीवर आणि परवान्याच्या पुस्तिकेत असतो, आणि ती पुस्तिका बहुतेक घरांत ज्या कपाटात असते त्याची किल्ली तिच्याच कमरेला असते.